प्रॉग रॉक ऐकायला लागलेल्या भावासाठी

भावा, पहिलं म्हणजे शफल बंद कर. प्रॉग रॉकचे, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रॉक गाण्यांचे हे अल्बम ओळीनंच ऐकायचे, कारण तेव्हा एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटं मावायची आणि ही बँडवाली पोरं कधी कधी अख्खी बाजू एकाच गाण्याला द्यायची, येस बँडचं १९७२ चं ‘क्लोज टू द एज’ तसंच आहे. पण तिथनं चालू करू नकोस, दमशील.

पिंक फ्लॉइडचा १९७५ चा ‘विश यू वेअर हिअर’ घे. पहिल्या गाण्यात शब्द यायलाच ८ मिनिटं उलटून जातात, तोवर कीबोर्डचा धुकट सूर, मग गिलमोरच्या गिटारचे चार सुटे स्वर येतात, थांबतात, परत येतात... तिथं फोन बघायचा नाही. कोल्हापूरच्या देवल क्लबात विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांचा धीर लागतोय बघ इथं. गाणं सिड बॅरेटसाठी आहे, बँडचा सुरुवातीचा म्होरक्या, १९६८ ला बाहेर पडला, हे माहीत असलं की लय आत लागतंय.

रंकाळ्यावर फिरताना नको, गाड्यांच्या आवाजात हळू भाग जातोच. रात्री घरी हेडफोन लावून ऐक. मग किंग क्रिमसनचा १९६९ चा पहिला अल्बम, खास मेलोट्रॉनसाठी, म्हणजे टेपवर रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या कीबोर्डसाठी. तो झाला की सांग, जेनेसिस बँडचं बघू.