लाकडाच्या तेलाचं डिझेल होईल का?

प्रश्न : बल्लारपूरला माझी आरा मशीन आहे. भुशापासून जलद पायरोलिसिसने (हवेशिवाय झटकन तापवून) काढलेलं काळं तेल आणलं. डिझेलमध्ये मिसळलं तर वेगळं होऊन तळाला बसलं. ऊर्ध्वपातन करून (वाफ थंड करून) शुद्ध करावं म्हणून ड्रमखाली जाळ लावला, तर निम्मा माल डांबरासारखा घट्ट झाला. कुठे चुकलं?

उत्तर : नावाला तेल, पण खनिज तेलाशी त्याचं नातं नाही. त्यात १५ ते ३० टक्के पाणी असतं. बाकी ॲसिटिक आम्ल, साखरा, अल्डिहाइडं आणि लिग्निनचे (लाकडाचे तंतू बांधून ठेवणाऱ्या घटकाचे) तुकडे. पीएच २ ते ३, म्हणजे लिंबाच्या रसाइतकं आंबट. वजनाने ३५-४० टक्के ऑक्सिजनच असल्यामुळे डिझेल त्याला जवळ करत नाही. उष्मांकही किलोमागे १६ ते १९ मेगाज्यूल, डिझेलच्या निम्म्याहून कमी. आणि तापवलं की साखरा व अल्डिहाइडं एकमेकांत जुळत जातात, म्हणून तुमच्या ड्रममध्ये दगड झाला. साध्या ऊर्ध्वपातनाने हे तेल शुद्ध होतच नाही.

डिझेल करायचं तर ऑक्सिजन काढावा लागतो, हायड्रोजनच्या दाबाखाली, दोन टप्प्यांत. पहिल्यात १५० ते २५० अंशांवर, बहुधा रुथेनियमच्या उत्प्रेरकावर, अल्डिहाइडांची अल्कोहोलं करून तेल स्थिर करतात. दुसऱ्यात ३५० ते ४०० अंशांवर, सल्फाइड रूपातल्या कोबाल्ट-मॉलिब्डेनमवर, ऑक्सिजन पाणी होऊन निघतो. पहिला टप्पा टाळला की रिॲक्टर कोकने (कोळशासारख्या थराने) चोंदतो. कोळशाचे बारीक कण राहिले तर त्यातलं पोटॅशियम उत्प्रेरक मारतं, म्हणून गाळणं आधी. दाब शंभर बारच्या वर जातो. हे काम रिफायनरीचं, आरा मशीनच्या आवारात करून बघू नका. स्वीडनमध्ये येव्लेजवळ २०२१पासून भुशाचं तेल काढतात, पण पुढची प्रक्रिया लिसेशिलच्या रिफायनरीत होते.

तुमच्यासाठी बॉयलर हाच सरळ मार्ग. नेदरलँड्समध्ये हेंगेलोच्या कारखान्याचं तेल दूधप्रक्रियेच्या बॉयलरमध्ये नैसर्गिक वायूऐवजी जाळलं आहे. साठवण प्लॅस्टिकच्या बंद ड्रममध्ये, सावलीत. पंप आणि नळ्या ३१६ स्टेनलेसच्या, साधं लोखंड आम्लाने खातं. दहा टक्के इथेनॉल घातलं तर घट्ट होणं मंदावतं. बर्नर आधी डिझेलवर तापवा, तेल मात्र नोझलच्या अगदी जवळच ६० अंशांपर्यंत गरम करा, टाकीत नाही. बंद करताना नोझल इथेनॉलने धुवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी खरवडत बसाल.

रसायनांची वाट जास्त लाभाची वाटते. पेलाभर तेल दहा पेले थंड पाण्यात, जोराने ढवळत, बारीक धारेने सोडा (हातमोजे घालून). साखरा आणि आम्लं पाण्यात जातात, खाली तपकिरी पिठासारखं लिग्निन बसतं. धार जाड झाली तर पिठाऐवजी चिकट गोळा होतो. हे लिग्निन प्लायवुडच्या फिनॉल-फॉर्मल्डिहाइड गोंदात फिनॉलचा काही भाग भरून काढतं. जवळच्या प्लायवुड कारखान्याला नमुना देताना त्यातला ओलावा आणि राख मोजून सांगा. ते आधी तेच विचारतील.