एका विषयासाठी कुणी उपाशी बसतं का?

प्रश्न: ताई, माझी मुलगी कॅलिफोर्नियात स्टेट युनिव्हर्सिटीत कंप्युटर सायन्स करतेय. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली या सेमिस्टरला एथ्निक स्टडीजचा कोर्स घेतलाय, आणि या विषयासाठी तिकडची पोरं म्हणे संपावर गेली होती, उपोषणाला बसली होती. आम्ही लोन काढून फी भरतोय ती असल्या विषयांसाठी का? आणि एका विषयासाठी कुणी उपाशी बसतं का?
– एक आई, मुलुंड

उत्तर: आधी फीचं बोलू, कारण खरं दुखणं तिथंच आहे. ती हौसेने घेत नाहीये हो. कॅल स्टेटमध्ये २०२० च्या कायद्यापासून एथ्निक स्टडीजची तीन युनिटं, म्हणजे साधारण एक कोर्स, डिग्रीसाठी कंपल्सरी केलीयेत, कंप्युटरवाल्यांना पण. काळे, मूळ अमेरिकन, लॅटिनो आणि एशियन लोकांचा इतिहास त्यांच्या बाजूने शिकायचा. एशियनमध्ये आपणही आलोच.

आता संप. ६ नोव्हेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये सुरू झाला तो थेट मार्च १९६९ पर्यंत चालला. ठिणगी काय, तर जॉर्ज मरे नावाच्या ब्लॅक पँथरवाल्या शिक्षकाला सस्पेंड केलं (ब्लॅक पँथर म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना, याच पँथरवरून १९७२ ला आपल्या मुंबईत दलित पँथर निघाली, आठवत असेल). मग पोलीस, लाठ्या, धरपकड सगळं झालं. हायाकावा म्हणून हंगामी प्रेसिडेंट होते, स्वतः जपानी वंशाचे, ते गोंड्याची टोपी घालून पोरांच्या लाउडस्पीकरच्या गाडीवर चढले आणि वायरीच उपटल्या. भाषेचे प्रोफेसर बरं का! पुढे सिनेटर पण झाले. पण पोरांनी कॉलेज ऑफ एथ्निक स्टडीज मिळवलंच, अमेरिकेतलं पहिलं.

उपोषणं नंतरची, १९९६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत, १९९९ ला कॅलिफोर्नियातल्याच बर्कली युनिव्हर्सिटीत. बर्कलीत तर डिपार्टमेंट होतं, पण त्याचे पैसे कापत चालले होते आणि गेलेल्या प्रोफेसरांच्या जागा भरत नव्हते.

म्हणजे भांडण एका विषयाचं नव्हतंच, डिपार्टमेंटचं होतं. १९६८ च्या मागण्यांत बघा, ब्लॅक स्टडीजला वीस फुलटाइम जागा द्या आणि नेमणुका डिपार्टमेंटलाच करू द्या असं सरळ लिहिलेलं. मला हे चटकन कळतं कारण आमच्या कॉलेजात दलित साहित्याचा एक ऑप्शनल पेपर होता, एकच सर शिकवायचे, स्वतःच्या पैशाने झेरॉक्स काढून द्यायचे, ते रिटायर झाले आणि पुढच्या वर्षी फॉर्मवर त्या पेपरपुढे पेनाने काट मारलेली. कुणी काही बोललं नाही, मी पण नाही, दुसरा पेपर निवडला नि फॉर्म भरून मोकळी झाले.

तर पोरीला रागावू नका. पुढच्या कॉलला तिला त्या टोपीवाल्याचं विचारा, वर्गात फोटो दाखवला असेलच.