सरासरी ०.४५०, मग गुण तीसच का?

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शाळेच्या संघातून बेसबॉल खेळतो. यंदा त्याची बॅटिंगची सरासरी ०.४५० आहे, म्हणजे बॅटिंगच्या शंभर संधींमागे पंचेचाळीस यशस्वी फटके. जुलैतल्या ड्राफ्टपूर्वी, म्हणजे व्यावसायिक संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्यापूर्वी, मुले हेरण्यासाठी स्काउट त्याच्या सामन्यांना येतात. त्यांपैकी एकाने बॅटिंगसाठी त्याला ‘सध्या ३०, पुढे ५०’ असे गुण दिल्याचे कोचकडून कळले. मी शिवाजी पार्कवर अनेक वर्षे स्कोअररचे काम केले आहे, त्यामुळे आकड्यांवर माझा विश्वास आहे. शंभरात तीस म्हणजे मुलगा नापास असे समजायचे का?
– एक वाचक, दादर

उत्तर : मुळीच नाही. ही मोजपट्टी शंभराची नसून २० ते ८० अशी आहे आणि तिच्यातील ५० म्हणजे मेजर लीगमध्ये, अर्थात अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत, प्रत्यक्ष खेळणाऱ्या खेळाडूंची सरासरी. अठरा वर्षांच्या मुलाला आज तेथे नेऊन उभे केले तर त्याचे काय होईल, याचे उत्तर तीस हा आकडा देतो. अंगात भर पडून, सराव होऊन तो पंचविशीत कोठे पोहोचेल, याचा अंदाज म्हणजे पन्नास. शाळकरी मुलाच्या बॅटिंगबद्दल कोणी ‘पुढे ५०’ लिहिले असेल, तर आपण पेढे वाटायला हरकत नाही.

पिचर (चेंडू टाकणारा) नसलेल्या खेळाडूची पाच कौशल्ये पाहिली जातात : चेंडूवर बॅट अचूक आणणे, फटक्यातील ताकद, धावण्याचा वेग, फेकीचा जोर आणि क्षेत्ररक्षण. यांपैकी वेग मोजणे सर्वांत सोपे. बॅटवर चेंडू लागल्याचा आवाज येताच स्काउटचा अंगठा स्टॉपवॉचवर पडतो आणि धावणाऱ्याचा पाय पहिल्या बेसला (फटक्यानंतर गाठायच्या पहिल्या टप्प्याला) लागताच पुन्हा पडतो. मधले अंतर ९० फूट. उजव्या हाताने खेळणाऱ्याला सुमारे ४.३ सेकंद लागले तर तो सरासरी, म्हणजे ५०. डावखुरा बेसच्या बाजूला एक पाऊल जवळ उभा असतो, म्हणून त्याच्याकडून ४.२ ची अपेक्षा असते. पिचरच्या बाबतीत चेंडूचा वेग मोजणारी रडार गन आहेच.

खरी अडचण पहिल्या कौशल्याची, म्हणजे चेंडूवर बॅट अचूक आणण्याची आहे, आणि आपल्या भाच्याची सरासरी तेथेच फसवी ठरते. शाळेच्या स्पर्धांमध्ये ताशी १३० किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकणारे पिचर नेहमीचे. मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी १५० किलोमीटरच्या घरात आहे आणि तेथील एकूण बॅटिंग सरासरी अलीकडच्या हंगामांत ०.२५० च्याही खालीच राहिली आहे. आपल्याकडे शालेय स्पर्धेतल्या शतकापेक्षा कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर काढलेल्या तीस धावांना जाणकार अधिक मान देतात, त्यातलाच हा प्रकार. शिवाय अमेरिकेत शाळा-कॉलेजांमध्ये धातूच्या बॅट चालतात, व्यावसायिक सामन्यांत मात्र फक्त लाकडी. चेंडू मुठीजवळ लागला तरी धातूची बॅट तो कसाबसा ढकलते. लाकडी बॅट अशा वेळी तुटूही शकते. मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड लीगमध्ये कॉलेजचे खेळाडू उन्हाळ्यात लाकडी बॅटने खेळतात. तेथील कामगिरीला स्काउट विशेष किंमत देतात, ती याचमुळे.

आपण स्कोअरर आहात, म्हणून एक उदाहरण देतो. मुलाने सणसणीत फटका मारला, पण तो थेट क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हमध्ये गेला. पुढच्या वेळी बॅटच्या टोकाला लागून चेंडू दोघांच्या मध्ये अलगद पडला. वहीत पहिल्याची नोंद बाद आणि दुसऱ्याची हिट. स्काउटच्या टिपणात पहिलाच फटका जमेच्या बाजूला असतो. स्लिपमधून निसटलेल्या चौकाराचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. स्ट्राइकच्या कक्षेबाहेर, म्हणजे खेळायलाच हवा अशा टापूबाहेर, वळणारा चेंडू मुलगा सोडतो का, आणि दोनदा फसल्यावर तिसऱ्यांदा पायांची ठेवण बदलतो का, हे सरासरीत कोठेच दिसत नाही. हल्ली चेंडूच्या फिरकीपासून फटक्याच्या वेगापर्यंत सारे यंत्राने मोजता येते आणि त्याचा उपयोगही मोठा आहे; परंतु जे मोजता येते त्यालाच अवास्तव महत्त्व देण्याचा मोह त्यातून वाढला आहे, असे आमचे मत आहे.

प्रश्न : हे अंदाज कितपत खरे ठरतात?
– तेच वाचक

उत्तर : १९६५ पासून ड्राफ्ट होत आहे आणि फसलेल्या अंदाजांची यादी लांब आहे. १९९१ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने पहिल्या क्रमांकावर निवडलेला पिचर ब्रायन टेलर मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. १९९३ च्या डिसेंबरात एका मारामारीत त्याचा खांदा निकामी झाला. त्याचा दोष स्काउटच्या नजरेला कसा द्यायचा? उलट माइक पियाझा १९८८ मध्ये थेट ६२ व्या फेरीत निवडला गेला, तोही प्रामुख्याने टॉमी लासोर्डा या घरोब्याच्या प्रशिक्षकाच्या शब्दाखातर. पुढे त्याने ४२७ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले आणि २०१६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेमचा मान मिळाला. आता ड्राफ्ट वीस फेऱ्यांचाच असतो, त्यामुळे अशा मुलाला ड्राफ्टबाहेर राहून करार शोधावा लागेल.

प्रश्न : भाच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. त्याला अडचण येईल का?
– तेच वाचक

उत्तर : नाही. अमेरिका, कॅनडा किंवा पोर्टो रिको येथे राहणारी वा शिकणारी मुले ड्राफ्टमध्ये येतात. नागरिकत्वाचा प्रश्न तेथे नसतो. मुंबईत राहणाऱ्या मुलाला मात्र संघाशी थेट करारच करावा लागतो. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय भालाफेकपटूंनी पिट्सबर्ग पायरेट्सशी असाच करार केला होता. भाच्याच्या घरी मात्र एक गोष्ट आधीच बोलून ठेवावी. निवड होऊनही त्याने करार नाकारला आणि चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतला, तर सर्वसाधारणपणे तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची एकविशी गाठेपर्यंत त्याची पुन्हा निवड होऊ शकत नाही. म्हणूनच स्काउट मैदानाइतकेच दिवाणखान्यातही बसतात आणि किती रकमेवर मुलगा कॉलेज सोडायला तयार होईल, याची आई-वडिलांकडे चाचपणी करतात.