कोंबडीने रस्ता का ओलांडला? सोलापुरात चालतील अशी नवी उत्तरं

प्रश्न असा आहे: ‘कोंबडीने रस्ता का ओलांडला? पलीकडे जायला’ हा विनोद आता सगळ्यांना पाठ आहे. सोलापुरात कॉलेजच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन करायचंय, नवी उत्तरं सुचवा.

उत्तरांच्या आधी प्रश्नच सोलापुरी करा. ‘कोंबडीने’ असं शुद्ध विचारलंत की मराठीचा पेपर सुरू झाल्यासारखं वाटतं. ‘ने’ काढून टाका: ‘कोंबडी रस्ता का ओलांडली बे?’ ज्या गावात ‘मी काम केलो’ म्हणतात तिथं हेच कानाला बरोबर लागतं आणि निम्मा हशा प्रश्नालाच मिळतो. पुढच्या रांगेत प्राचार्य बसलेले असतील तर ‘बे’ त्यांच्या दिशेने नको, कोंबडीला टाका: ‘काय करूलालीस बे?’

हा विनोद १८४७ साली न्यूयॉर्कच्या ‘निकरबॉकर’ मासिकात छापून आला. ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी डोकेबाज उत्तर येणार, आणि येतं अगदी साधं. एवढीच त्यातली गंमत. आता ते साधं उत्तरच आधी माहीत असतं, म्हणून गंमत गेली. ती परत आणायची तर एकच युक्ती आहे: कोंबडीचं कारण असं द्यायचं की त्या कारणासाठी सोलापूरकर स्वतः रस्ता ओलांडेल.

सगळ्यात खात्रीचं उत्तर गावाने फुकट देऊन ठेवलंय.

‘कोंबडी रस्ता का ओलांडली?’
‘कुठला?’
‘सात रस्ता.’
‘मग?’
‘सातही ओलांडली. निघाली तिथंच पोचली.’

हे गणिताने बरोबर आहे. सात रस्ता हा गावातला चौक; त्याच्याभोवती गोल फिरत सातही रस्ते ओलांडले की माणूस पहिल्याच कोपऱ्यावर येतो. ‘कुठला?’ विचारायला दुसरा निवेदक हवाच, एकट्याने करू नका. आणि ‘सातही’ म्हणताना बोट हवेत गोल फिरवा, नाहीतर मागच्या रांगांना चित्र दिसत नाही.

दुसरं, पाण्याचं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात कारण समजावून सांगावं लागत नाही: ‘तिकडं आज पाणी.’ तीन शब्द, बस. घागर, हंडा, मोटर यातलं काहीही जोडलंत तर पाणी पातळ होतं.

उन्हाचं उत्तर थोडं कलाकुसरीचं आहे. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर सकाळी घरांची सावली पूर्वेच्या कडेला पडते आणि दुपारनंतर पश्चिमेच्या. म्हणून: ‘बारा वाजले. आधी सावली ओलांडली, मग ती.’ कोंबडीला घाम येत नाही. उन्हात ती चोच उघडी ठेवून धापा टाकते आणि पंख अंगापासून थोडे सुटे धरते. उत्तर देणाऱ्याने दोन्ही कोपर तसे सुटे धरून, तोंड उघडं ठेवून आधी दोन सेकंद नुसतं उभं राहायचं. मे महिन्यात पार्क चौकात उभा राहिलेला प्रत्येक माणूस स्वतःला ओळखतो. गॅदरिंग थंडीत असेल तर मात्र हे गाळा, उकाडा आठवून कुणी हसत नाही.

आता खरा माल. सोलापुरात या विनोदाला तीन भाषा मिळतात, हे भाग्य पुण्याला नाही. तेलुगूत कोंबडीला ‘कोडी’ म्हणतात, आणि मराठीत ‘कोडी’ म्हणजे कोडं या शब्दाचं अनेकवचन. तेलुगू बोलणारी पूर्व भागातली मुलं हॉलमध्ये असतील तर:

‘कोडी रस्ता का ओलांडली?’
‘हेच तर कोडं आहे बे.’

तेलुगू जाणणारे आधी हसतात, बाकीचे त्यांच्याकडे वळून बघतात, मग शेजारी शेजाऱ्याला सांगतो आणि हशा दुसऱ्यांदा येतो. ही दुसरी लाट येईपर्यंत थांबा. माईकवरून अर्थ सांगितलात की ती मरते.

कन्नडमध्ये तीच कोंबडी ‘कोळी’.

‘कोळी रस्ता का ओलांडला?’
‘भिंतीवरचा?’
‘नाही, रश्श्यातला.’
‘शी!’
‘अरे, कन्नडमधला.’

इथं ‘भिंतीवरचा’ हा शब्द गाळू नका. कोळी आडनावाची मुलं हॉलमध्ये असतातच. विनोद पहिल्याच वाक्यात जाळं विणणाऱ्या कोळ्याकडे वळला पाहिजे, माणसाकडे नाही.

‘रस्ता’ आणि ‘रस्सा’ हा श्लेष तुम्हाला सुचला असेलच. सगळ्यांनाच पहिल्यांदा तोच सुचतो, म्हणून उत्तर म्हणून तो शिळा आहे. वरच्यासारखा वाटेत टाकून द्यायला चांगला. कोंबडीच्या जातीचा फरक मात्र कामाला येतो. बॉयलर कोंबडी साधारण चाळीस दिवसांत दोन किलोची होते, तिला एवढं चालायची सवय कुठली? म्हणून ‘बॉयलर असेल तर?’ याला उत्तर ‘टेम्पोने.’ आणि ‘गावठी असेल तर?’ याला ‘ओलांडली कुठं? हॉर्न वाजला.’ गावठी कोंबडी गाडी दिसली की अर्ध्या रस्त्यातून माघारी वळते, तेही नेमकी चाकासमोरून. खेड्यातून दुचाकीवर येणारी मुलं यावर हमखास हसतात. बार्शी रोडने नान्नजवरून येणारे असतील तर आणखी एक: ‘माळढोक असता तर रस्त्यालाच परवानगी लागली असती.’ नान्नजला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यापुढे हे टाकू नका.

विनोद पडतो तो बहुतेक वेळा क्रियापदामुळे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हशाचा शब्द मध्ये अडकतो. ‘पलीकडच्या पेठेत आज पाणी आलं होतं म्हणून ती तिकडं गेली’ या वाक्यात ‘पाणी’नंतर अजून सहा शब्द आहेत, तेवढ्यात लोक हसायचे राहून ऐकत बसतात. क्रियापद काढा नाहीतर वाक्य उलटवा, शेवटचा शब्द तोच ठेवा. ‘कारण’ने सुरुवात करू नका, त्याने उत्तराला शाळेचा वास येतो. आणि गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजाच्या काठ्या, अक्षता सोहळा यांत कोंबडी आणू नका. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या मिरवणुकीशेजारी कोंबडी ठेवली की हॉलमध्ये शांतता पसरते आणि पुढचे चार विनोदही वाया जातात.

सगळी उत्तरं एकदम ओतू नका. दोन कार्यक्रमांच्या मध्ये एक, अशी चार-पाच पुरेत. प्रश्न प्रत्येक वेळी त्याच चालीत विचारायचा. तिसऱ्यांदा ‘कोंबडी’ म्हणताच लोक स्वतः ‘रस्ता का ओलांडली’ ओरडतात. तिथं सात रस्ता काढायचा, आधी नाही.

एखादं उत्तर पडलंच तर सारवासारव नको. दोन सेकंद हॉलकडे बघा, ‘ती गेली, तुम्ही अजून इकडंच’ म्हणा आणि पुढच्या नाचाचं नाव पुकारा.