वाचकांचे प्रश्न : फोटो खोटा, तरी मन खट्टू

प्रश्न : माझे वय 21 आहे. समाजमाध्यमांवरचे चेहरे फिल्टर लावून, निवडून टाकलेले असतात हे मला पक्के ठाऊक आहे. मी स्वतःही तेच करते. तरीही अर्धा तास इन्स्टाग्राम चाळले की आरशात स्वतःकडे पाहवत नाही. कळते पण वळत नाही, असे का होते?

उत्तर : ‘ते सगळे खोटे असते, लक्ष देऊ नकोस’ हा सल्ला मुलींना सर्रास दिला जातो आणि तो का लागू पडत नाही, हे तुमच्या पत्रातच दिसते. माणूस स्वतःला जोखण्यासाठी इतरांशी तुलना करतो, असे लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडले होते. ही तुलना बहुतेक वेळा ठरवून होत नाही. चित्र डोळ्यांसमोर येताच ती होऊन जाते आणि ‘हा तर फिल्टर’ हा विचार मागाहून येतो. फोटोत फेरफार केल्याची सूचना सोबत छापली, तरी पाहणाऱ्या स्त्रियांचे स्वतःच्या शरीराविषयीचे असमाधान सहसा कमी होत नाही, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. नॉर्वेने 2022 पासून जाहिरातींतील अशा चित्रांवर खूण बंधनकारक केली, ते ग्राहकाच्या दृष्टीने योग्यच आहे. मात्र तेवढ्याने कुणाचे मन सावरेल, अशी आशा मी तरी धरणार नाही.

मला तुमचे ‘मी स्वतःही तेच करते’ हे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते. एखादी मुलगी सेल्फी काढते, आवडला नाही म्हणून आणखी काढत राहते, त्यांतला एक निवडून तो बोटांनी मोठा करते, गालावरची पुटकुळी पुसते, हनुवटी किंचित निमुळती करते. हा सारा वेळ ती स्वतःच्या चेहऱ्यात दोषच शोधत असते. कॅनडातील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, स्वतःचा सेल्फी काढून समाजमाध्यमावर टाकणाऱ्या तरुणींना त्यानंतर अधिक अस्वस्थ आणि कमी आकर्षक वाटले. फोटो पुन्हा काढण्याची व सुधारण्याची मुभा मिळालेल्यांचीही त्यातून सुटका झाली नाही. त्यातच कॅमेराही जवळून चेहऱ्याला न्याय देत नाही. 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे 30 टक्के अधिक रुंद दिसते आणि पाच फुटांवरून हा फरक जवळजवळ उरत नाही. (ज्या नाकावर तुम्ही नाराज असाल, ते समोरच्या माणसाला कदाचित कधी दिसलेलेच नसेल.)

म्हणून मनाला समजावत बसण्यापेक्षा डोळ्यांपुढे काय आणि किती येते, हे बदला. कॅनडातच 17 ते 25 वयोगटातील 220 विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी तीन आठवडे समाजमाध्यमांचा वापर दिवसाला सुमारे एका तासावर आणला, त्यांचे स्वतःच्या दिसण्याविषयीचे मत सुधारले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा : एखाद्या चित्रफितीवर तुम्ही हेव्याने थबकलात की आवडीने, हे ॲपला कळत नाही. थबकलात म्हणजे तुम्हाला रस आहे, असे गृहीत धरून ते तसलेच आणखी पुढे आणते. तेव्हा ज्या खात्यांमुळे नेमके मन खट्टू होते, ती निःसंकोच अनफॉलो करा. मैत्रिणीचे खाते असेल तर म्यूट करा, तिला ते कळत नाही.

प्रश्न : माझी मुलगी 16 वर्षांची आहे आणि सतत दिसण्याबद्दल कुरकुरत असते. तिचा फोन काढून घ्यावा का?

उत्तर : एकाएकी घेऊ नका, तिच्या मैत्रिणी त्याच फोनमध्ये आहेत, आणि तो काढून घेतलात तर ती तुमच्याशी मोकळेपणाने बोलेनाशी होईल. 2021 मध्ये उघड झालेल्या फेसबुकच्या अंतर्गत पाहणीत 32 टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले होते की, शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटू लागते. याचा अर्थ, मुळातली सल आधी शोधायला हवी. घरात तिच्या किंवा तुमच्या स्वतःच्या वजनावरून शेरेबाजी होत असेल, तर ती आजच थांबवा. ती जेवण टाळू लागली, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करू लागली, फोटोच्या भीतीने समारंभांना जाईनाशी झाली किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागली, तर मात्र फोनचा वाद बाजूला ठेवून विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.