ताण, नातीगोती आणि आरोग्य यांवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर नेमकं करतो तरी काय?

तू लिहिलं आहेस की टी.वाय.ला मानसशास्त्र घेतलंय, ताणाचा तब्येतीवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करायचाय, पण घरचे म्हणतात, "टेन्शनने माणूस आजारी पडतो हे आजीलाही माहीत आहे, त्याला संशोधन कशाला?" मी सोलापूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, वयाने बरीच मोठी असणार म्हणून एकेरीत बोलते. घरच्यांना शेल्डन कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम सांग. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ते १९८२ मध्ये आले, आणि आजीला जे माहीत होतं ते खरं किती, कोणाच्या बाबतीत आणि कशामुळे, हे शोधण्यात त्यांची पुढची सगळी वर्षं गेली.

सुरुवात मात्र त्याआधीच, गोंगाटापासून झाली. न्यूयॉर्कच्या मॅनहटनमध्ये एका महामार्गाच्या अगदी डोक्यावर ३२ मजली इमारती आहेत. खाली रात्रंदिवस गाड्यांचा आवाज. कोहेन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांच्या चाचण्या घेतल्या. तिथे चार वर्षं किंवा जास्त राहिलेल्यांपैकी खालच्या मजल्यांवरच्या मुलांना मिळतेजुळते शब्द कानाने वेगळे ओळखणं जड जात होतं, आणि वाचनातही ती मागे होती. हे १९७३ साली छापून आलं. त्याच वर्षी त्यांची पीएच.डी. झाली आणि ते ओरेगॉनला शिकवायला गेले. पुढे लॉस एंजेलिसच्या विमानतळाजवळच्या शाळांचा अभ्यास झाला, तो १९८० साली आला. विमानांच्या वाटेखाली शिकणाऱ्या मुलांचा रक्तदाब शांत शाळांतल्या मुलांपेक्षा जास्त निघालाच, पण मला त्यातली कोड्याची गोष्ट जास्त लागते. एक कोडं सोडवायला दिलं, तर गोंगाटातली मुलं वेळ शिल्लक असतानाच हात टेकत होती. आपल्या हातात काही नाही असं सतत वाटत राहिलं की काय होतं, हा प्रश्न तिथून त्यांच्या कामात राहिला.

१९८३ मध्ये कामार्क आणि मर्मेलस्टाइन यांच्यासोबत त्यांनी 'पर्सीव्हड स्ट्रेस स्केल', म्हणजे माणसाला जाणवणारा ताण मोजणारी प्रश्नावली, तयार केली. मूळ चौदा प्रश्न, नंतर दहांची आवृत्ती आली, तीच आता जास्त वापरतात. तुझ्यावर काय काय ओढवलं हे ती विचारत नाही. गेल्या महिन्यात गोष्टी आवरेनाशा झाल्या असं किती वेळा वाटलं, हे विचारते. नोकरी दोघांची जाते, एक जण कोलमडतो, दुसरा नाही. ताण मोजायचा तर ज्याला तो होतो त्यालाच विचारायला हवं, हा त्यामागचा विचार.

माझ्या लघुप्रबंधासाठी मी हे प्रश्न मराठीत करून कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, गेले होते. एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. मी वाचलं, "महत्त्वाच्या गोष्टींवर आपला ताबा राहिला नाही असं किती वेळा वाटलं?" त्यांचा हात थांबला. "ताबा कुठं आमचा असतो बाई?" म्हणाल्या. मग पानावर तंबाखू पसरता पसरता त्यांनीच विचारलं, "हातातनं सुटल्यासारखं वाटतं का, असं म्हणायचंय का तुला? मग तसं विचार की." मी तिथेच 'ताबा' खोडला. त्यानंतर उत्तरं यायला लागली.

१९८५ मध्ये थॉमस विल्स यांच्यासोबत त्यांनी ताण आणि माणसांचा आधार यांवरच्या संशोधनाचा एक मोठा आढावा लिहिला. तुला यात काम करायचं असेल तर तो वाचावाच लागेल. लोकांत मिसळून राहणं ताण असो-नसो उपयोगी पडतं. अडचणीला कुणीतरी धावून येईल ही खात्री मात्र मुख्यतः ताणाच्या वेळी कामाला येते, धक्का सोसण्याजोगा करते. 'आधार' हा एकच शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो, म्हणून गोंधळ होतो.

आणि मग सर्दी. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीला सर्दीवर संशोधन करणारं केंद्र होतं, १९४६ पासूनचं. तिथे डेव्हिड टायरेल या विषाणुतज्ज्ञांबरोबर कोहेन यांनी काम केलं. ३९४ निरोगी स्वयंसेवकांचा ताण आधी मोजला, मग नाकात विषाणूचे थेंब घातले, आणि कोण आजारी पडतं ते पाहिलं. सगळ्यात कमी ताण असलेल्यांपैकी साधारण २७ टक्क्यांना सर्दी झाली, सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना. १९९१ सालचा हा निबंध. ताण वाढेल तशी सर्दी पायरीपायरीने वाढत गेली होती.

पुढचे प्रयोग पिट्सबर्गमध्ये झाले. स्वयंसेवकांना हॉटेलच्या एका मजल्यावर वेगळं ठेवायचे. "मला बरं वाटत नाहीये" एवढ्यावर भागत नसे. नाक पुसलेला प्रत्येक कागदी रुमाल पिशवीत जमा होई, त्याचं वजन होई, कोऱ्या रुमालाचं वजन वजा करून शेंबूड किती ते काढत. नाकात रंग सोडून तो घशात उतरायला किती वेळ लागतो तेही मोजत. घरी हसतील, हसू देत. भावनेचा आणि आजाराचा संबंध दाखवायचा तर आजार इतक्या काटेकोरपणे मोजावाच लागतो. हे काम मानसशास्त्रज्ञाच्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही, त्यामुळे वैद्यकातल्या लोकांची भाषा शिकायची तयारी ठेव.

१९९७ चा अभ्यास मला सगळ्यात प्रिय आहे. २७६ माणसं. प्रत्येकाला बारा प्रकारच्या नात्यांबद्दल विचारलं: जोडीदार, आईवडील, सासूसासरे, मुलं, शेजारी, मित्र, कामावरचे सोबती, मंडळातले, प्रार्थनास्थळातले लोक वगैरे. दोन आठवड्यांत एकदा तरी भेटणं किंवा फोन झाला असेल तरच नातं धरायचं. एक ते तीन प्रकारची नाती असलेल्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा जास्त प्रकार असलेल्यांच्या चौपटीहून अधिक निघाला. एकूण माणसं किती यापेक्षा ती किती वेगवेगळ्या दारांतून आयुष्यात आली आहेत, याला महत्त्व होतं. निवृत्तीनंतर फक्त घर उरलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. हा निबंध शिकवताना मला त्यांची आठवण येते.

'ताणाने प्रतिकारशक्ती कमी होते' हे वाक्य मात्र परीक्षेत लिहू नकोस. २०१२ च्या कामात असं दिसलं की दीर्घकाळच्या ताणात रोगप्रतिकारक पेशी कॉर्टिसॉलला, म्हणजे दाह आवरणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नाहीत, म्हणून दाह आवरत नाही. नाक वाहणं, चोंदणं हे बरंचसं आपल्याच शरीराच्या प्रतिक्रियेतून येतं.

एक मर्यादा आहे. थेंब कुणाला कोणते द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येतं, पण भांडणं आणि मैत्री चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाहीत. म्हणून वय, शिक्षण, धूम्रपान, झोप, स्वभाव असं सगळं हिशेबात धरूनही प्रत्येक निष्कर्ष जपून मांडावा लागतो. या शाखेत निम्मा वेळ याच शंकेवर जातो, आणि तो जाणं योग्यच आहे.

वाट ठाऊक असेल: एम.ए., नेट, मग पीएच.डी. गाईड निवडताना त्यांचा विषय आधी पाहा, विद्यापीठाचं नाव नंतर. ती दहा प्रश्नांची मापनी विनानफा शैक्षणिक कामासाठी परवानगीशिवाय वापरता येते. ती घे, आपल्या भागातल्या बोलीत कर, दहा जणांना समोर बसून वाचून दाखव. कोणत्या शब्दाला माणूस अडखळतो ते वहीच्या कडेला टिपून ठेव. 'ताबा'ला तुझ्याकडे काय म्हणतात ते खाली प्रतिक्रियेत लिही, मला हवंय.