जाहीरनाम्यातलं सोलर आणि आपल्या विहिरीवरचा पंप : तुमच्या प्रश्नांना उत्तरं

राम राम मंडळी. गेले काही दिवस सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतायत, की पक्षांनी सोलरचं एवढं सांगितलंय तर आम्ही आता कोटेशन (म्हणजे नव्या वीज जोडणीचे पैसे) भरायचं का थांबायचं, फुकट मिळणार का, जमीन भाड्याने द्यावी का वगैरे. एकेकाला वेगळं लिहीत बसलो तर खरीप निघून जाईल म्हणून इथेच सगळं एकत्र लिहितोय. लांब झालंय, पण वाचा.

पहिला प्रश्न होता, "साहेब, निवडणुकीत वीजबिल ३० टक्के कमी करून सोलर देऊ असं म्हणाले होते, ते आपल्याला कधी मिळणार?"

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या वेळी महायुतीने जी दहा वचनं दिली त्यात हे होतं, वीजबिलात ३० टक्के कपात आणि सौर व अक्षय ऊर्जेवर भर. पक्षाच्या वचनावर बरं-वाईट बोलणं माझं काम नाही, मी कृषी खात्यातला सरकारी नोकर आहे. पण त्यामागचा हिशोब सांगतो, कारण तो कळला की निम्मे प्रश्न सुटतात. शेतीपंपाला वीज स्वस्त किंवा फुकट दिली तरी ती वीज कुठून तरी विकत आणावीच लागते, त्याचा काही बोजा कारखाने-दुकानं यांच्या बिलावर टाकला जातो आणि बाकीचा सरकारी अनुदानावर जातो. तीच शेतीची वीज सबस्टेशनजवळच्या सोलर प्रकल्पातून साधारण तीन रुपये युनिटच्या आसपास मिळाली तर हा बोजा कमी होतो, आणि मग इतरांचं बिल खाली आणायला जागा मिळते. म्हणजे बिल कपातीच्या त्या वचनात तुमचा शेतीपंप फारसा येतच नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत बळीराजा मोफत वीज योजनेत आधीच सरकार भरतंय. त्यामुळे ३० टक्क्यांची वाट बघत पंपाचा निर्णय लांबवू नका. जाहीरनाम्यात काय आहे यापेक्षा जीआरमध्ये, म्हणजे शासन निर्णयात, काय आहे ते बघायचं, पैसे जीआरवर सुटतात.

आता सगळ्यात मोठा गोंधळ. सोलर म्हटलं की लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात आणि मग भलत्याच ऑफिसला चकरा मारतात. एक आहे स्वतःच्या शेतात पॅनेल आणि पंप, महावितरणच्या तारेशी काही संबंध नाही, ही मागेल त्याला सौर कृषीपंप योजना, केंद्राच्या कुसुम या शेतीच्या सोलर योजनेच्या ब घटकातून निघालेली. दुसरं आहे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०, यात तुमचा जुनाच पंप, जुनीच तार, जुनंच मीटर, फक्त गावच्या शेती फीडरला (सबस्टेशनपासून शेतीपंपांकडे येणाऱ्या लाइनला) वीज सोलर प्रकल्पातून येणार आणि दिवसा येणार. यात शेतकऱ्याने अर्ज वगैरे काही करायचा नसतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ३ मेगावॅटचा असा प्रकल्प २०२४ मध्येच सुरू झालाय, त्या बाजूचं कुणी पाहुणं असेल तर फोन करून विचारा दिवसा वीज येते का, माझ्या सांगण्यापेक्षा ते बरं. आणि तिसरं म्हणजे घराच्या छतावरचं, पीएम सूर्यघर, त्यात ३ किलोवॅटला केंद्राचं ७८ हजार अनुदान आहे, पण ते घरच्या मीटरसाठी, विहिरीसाठी नाही. एका दादांनी विचारलंय की छतावरच्या पॅनेलवर मोटर चालवू का. नाही चालवायची दादा, कनेक्शन घरगुती आहे.

"माझ्याकडे लाइटचं कनेक्शन आहे, तरी सोलर पंप मिळेल का?" नाही. मागेल त्याला योजना ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे पण वीज जोडणी नाही त्यांच्यासाठी आहे. कोटेशन भरून पेड पेंडिंगमध्ये, म्हणजे पैसे भरले पण जोडणी नाही अशा यादीत, अडकलेले असाल तर तुम्ही यात बसता. सर्वसाधारण गटाला किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, बाकी केंद्र आणि राज्य. जमीन अडीच एकरापर्यंत असेल तर ३ एचपी, त्यापुढे पाच एकरापर्यंत ५ एचपी, पाचच्या वर साडेसात. कमी एचपीचा मागितला तर चालतो, जास्तीचा नाही. अर्ज महावितरणच्या पोर्टलवर, आमच्या कृषी ऑफिसला नाही, सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद मात्र आधी करून घ्या, बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. जमीन सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्रही लागतं, भावाशी बोलून घ्या आधी.

इथून पुढे नीट वाचा, कारण फॉर्म भरताना लोक एचपीवर भांडतात आणि हेडचा रकाना मुलाला भरायला देतात. खरा खेळ हेडचा आहे. हेड म्हणजे पाणी किती उंच उचलायचंय ते. बोअर ५०० फूट आहे म्हणून हेड ५०० फूट होत नाही, आणि विहीर ४० फूट आहे म्हणून ४० फूटही होत नाही. पंप चालू असताना पाणी जिथपर्यंत खाली जातं ती पातळी, त्यात जमिनीपासून टाकीपर्यंतची किंवा वरच्या रानापर्यंतची चढण, त्यात पाइपमधलं घर्षण, आणि ठिबक असेल तर त्याच्या प्रेशरचे दहा-एक मीटर आणि फिल्टरचे थोडे, एवढं सगळं मिळून हेड. मोजायचं एप्रिल-मेमध्ये, श्रावणात नाही. श्रावणात सगळ्यांचीच विहीर भरलेली असते.

फरक किती पडतो बघा. ३ एचपीच्या पंपाला ३००० वॅटचं पॅनेल असतं. ३० मीटर हेडचा पंप स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण एक लाख लिटर पाणी देतो. तोच ३ एचपी, तेच पॅनेल, पण ५० मीटर हेडचा, तर साठ हजाराच्या आसपास, आणि ७० मीटरला चाळीस हजार. एचपी तीच, पाणी निम्म्याहून कमी. त्यामुळे शेजाऱ्याचा सोलर धो धो फेकतो आणि माझा का नाही या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा कंपनीत नसतं, विहिरीत असतं. आणि ३० मीटरचा पंप घेऊन ५० मीटरवरून पाणी ओढायला लावला तर तो दुपारी दोन तास थुंकल्यासारखा चालेल आणि तुम्ही सोलरला शिव्या द्याल.

एक लाख लिटर म्हणजे किती ते पण सांगतो. एका एकरावर एक इंच पाणी, बस. पाट मोकळा सोडून भिजवायचं म्हटलं तर एका पाळीला अडीच-तीन इंच सहज जातं, म्हणजे एकराला तीन दिवस, अडीच एकराचं रान फिरून यायला आठवडा. ठिबकवर तेच पाणी बघा, कापसाची ऐन गरज दिवसाला ५-६ मिलिमीटर धरली तर एकराला वीस ते चोवीस हजार लिटर, म्हणजे त्याच पंपावर चार एकर रोज. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, सोलर घेताय तर ठिबकचा अर्ज त्याच महिन्यात महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर टाका, अल्पभूधारकांना ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्के अनुदान आहे राज्याचं धरून, आणि हे काम आमच्याच ऑफिसचं आहे, त्याबद्दल मला कितीही प्रश्न विचारा.

फक्त ठिबक सोलरवर चालवताना सकाळी आठ वाजता सगळे व्हॉल्व्ह उघडू नका. ऊन कमी, प्रेशर कमी, पहिल्या ओळीला पाणी जास्त आणि शेवटची कोरडी. रानाचे भाग पाडा, सकाळी आणि चारनंतर लहान भाग किंवा जवळचा भाग, अकरा ते तीन मोठा आणि लांबचा. खतं सोडायची तर भर दुपारच्या प्रेशरलाच. ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांनी दिवसभर तळ्यात पाणी घ्यावं आणि तिथून उतारावर द्यावं, हे सगळ्यात सोयीचं पडतं.

"मे महिन्यात कडक ऊन असून पंप कमी का चालतो, पॅनेल खराब आहे का?" हा प्रश्न दरवर्षी येतो. पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नाही. पॅनेलची क्षमता २५ अंशाला मोजलेली असते आणि त्याच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन कमी होतं. मे मध्ये पॅनेल साठ अंशाच्या वर तापतं, म्हणजे हिशोब करा, चौदा-पंधरा टक्के तिथेच गेले. वर धूळ, वर विहिरीची पातळी खाली गेलेली. धूळ पुसायची सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, मऊ फडक्याने साध्या पाण्याने, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. निरमा लावू नका. आणि सावली बघा, एका कोपऱ्यावर बाभळीची फांदी पडली तरी पॅनेलची अख्खी ओळ मंदावते कारण ते सगळे एकामागे एक जोडलेले असतात. बांधावरचं झाड तोडा असं मी म्हणणार नाही, पॅनेलची जागाच नीट निवडा, तोंड दक्षिणेला, आणि पूर्व-पश्चिमेला मोकळं.

"सोलरवर कडबाकुट्टी चालवता येईल का?" युनिव्हर्सल कंट्रोलर (पंपाशिवाय दुसरी यंत्रंही चालवणारा) बसवलेला असेल तर पंप बंद असताना कडबाकुट्टी, पिठाची गिरणी असं चालवता येतं. साध्या कंट्रोलरला वायरमन बोलावून जोडाजोड केली तर पाच वर्षांची दुरुस्ती हमी हातची जाईल. हमीसोबत विमा पण आहे, वादळात किंवा चोरीत नुकसान झालं तर लगेच कळवा, चोरी असेल तर पोलीस तक्रार त्याच दिवशी, मोडलेलं पॅनेल उचलून बाजूला ठेवायच्या आधी फोटो काढा.

जमीन भाड्याने द्यायची का, यावर तीन-चार जणांनी विचारलंय. वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. एकराला धरलं तर साधारण पन्नास हजार, काही न पिकवता. मुरमाड, पडीक, सबस्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर माझ्या मते चांगला सौदा आहे. पण बागायत, काळी, पाण्याखालची जमीन असेल तर मी देऊ नका म्हणेन, करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो, आज पोरगा पुण्याला आहे म्हणून दिली आणि सहा वर्षांनी तो शेतीला परत आला तर काय करणार. एक मेगावॅटला चार-पाच एकर लागतं, त्यामुळे दोघा-तिघांनी मिळून द्यायची असेल तर भाडं कुणाच्या खात्यावर किती हे करारातच लिहून घ्या, तोंडी नको. ग्रामपंचायतीला पण तीन वर्षं वर्षाला पाच लाख मिळतात, त्यामुळे ग्रामसभेत विषय निघाला की जाऊन बसा.

आता मला जे सांगायचं आहे ते कुणी विचारलेलं नाही. सगळे पक्ष मेगावॅटमध्ये बोलतात, पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. आतापर्यंत रात्रीची दहा तास वीज, त्यात बिबट्याची आणि सापाची भीती, यामुळे का होईना उपसा थोडा रोखला जायचा. आता दिवसा, फुकट, रोज, बटण दाबलं की पाणी. भल्या माणसालाही मोटर बंद करावीशी वाटणार नाही. दिवसा पाणी देता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, त्यात वाद नाही, बायामाणसं पण आता दारं धरू शकतात. पण एका शिवारात पन्नास सोलर पंप बसले आणि सगळ्यांनी ऊस लावला तर मार्चमध्ये पॅनेल चमकत राहतील आणि विहिरीत खडक दिसेल. भूजल सर्वेक्षण खात्याने जी गावं अतिशोषित दाखवलीयत तिथे नवीन पंपाला अटी आहेत, ना हरकत लागते, त्यावर चिडण्याआधी आपल्या गावाची पातळी दहा वर्षांपूर्वी किती होती ते म्हाताऱ्या माणसाला विचारा.

शेवटचं, फसवणुकीचं. कुसुमच्या नावाने बनावट वेबसाइट आहेत, केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने यावर वेळोवेळी सावध केलंय. "तुमचा पंप मंजूर झाला, आज पाच हजार सहाशे भरा नाहीतर रद्द होईल" असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे भरायचा मेसेज आला तर लिंकवर बोट लावू नका, महावितरणच्या पोर्टलवर स्वतः जाऊन अर्ज क्रमांक टाका आणि तिथे रक्कम दिसली तरच भरा. ओटीपी मला पण सांगायचा नाही. पुरवठादार कंपनी यादीतून तुम्हीच निवडायची असते, एजंट म्हणेल ती नाही, आणि निवडण्याआधी तालुक्यात त्या कंपनीचा दुरुस्तीवाला माणूस आहे का एवढं विचारा, जुन्या लाभार्थ्याला विचारलं तर खरं कळेल. हेड काढायला जमत नसेल तर विहिरीची पाणी पातळी, पाइपची लांबी-साइज आणि वरच्या रानाची चढण एवढं लिहून पाठवा, मी काढून देतो, पण मोजून पाठवा, अंदाजे नको.